‘बाबा इज यू’ : वाक्ये ढकलण्याचा खेळ

व्हिडिओ गेम हा विषय आपल्याकडे बहुधा दोन ठिकाणी चर्चेला येतो. एक, पालकांच्या काळजीत. आणि दोन, बाजारपेठेच्या आकडेवारीत. साहित्यविचाराच्या अंगणात तो क्वचितच शिरतो, आणि शिरलाच तर ‘खेळातही कथा असते’ एवढ्या एका दाखल्यावर त्याला प्रवेश मिळतो. प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या खेळात कथा जवळजवळ नाही. तरीही साहित्याच्या विद्यार्थ्याने त्याच्याकडे आवर्जून पाहावे असे मला वाटते. कारण या खेळाचा कच्चा माल चित्र नाही, पात्र नाही. वाक्य हा आहे. ‘बाबा इज यू’ असे त्याचे नाव. आर्वी तैकारी या फिनलंडच्या तरुणाने तो २०१७ साली एका ‘गेम जॅम’मध्ये रचला आणि दोन वर्षे वाढवून १३ मार्च २०१९ रोजी प्रसिद्ध केला. त्याचा इतिहास पाहताना तीन धागे वेगळे करावे लागतात : जॅम नावाच्या प्रथेचा, खोकी ढकलण्याच्या खेळांचा आणि शब्दाचा.

१

गेम जॅम म्हणजे ठरावीक मुदतीत, बहुधा ४८ तासांत, दिलेल्या विषयावर संपूर्ण खेळ तयार करण्याचा मेळावा. मोठ्या कंपन्यांचे खेळ शेकडो माणसे वर्षानुवर्षे राबून बनवू लागली, तेव्हा प्रयोगाला जागा उरली नाही या जाणिवेतून ही प्रथा रुजली. २००२ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ख्रिस हेकर आणि शॉन बॅरेट यांनी ‘इंडी गेम जॅम’ भरवला. त्याच वर्षी इंटरनेटवर ‘लुडुम डेअर’ ही स्पर्धा सुरू झाली. २००६मध्ये कोपनहेगनला ‘नॉर्डिक गेम जॅम’ भरू लागला आणि त्याच्या धर्तीवर २००९पासून जगभर एकाच वेळी ‘ग्लोबल गेम जॅम’ होऊ लागला.

मुदतीचे हे बंधन मिनिमलिझमची शाळाच ठरले. दोन दिवसांत सुंदर चित्रे, लांबलचक कथानक, अनेक पात्रे हे काहीच जमणारे नसते. जमू शकते ती एक कल्पना, तीही नीट ओळखता आली तर. एप्रिल २०१३च्या लुडुम डेअरचा विषयच ‘मिनिमलिझम’ होता. म्हणजे जी गोष्ट आधी नाइलाज होती, ती तोवर शैली म्हणून स्वतःला ओळखू लागली होती.

बंधनातून रूप निपजते ही गोष्ट साहित्याच्या वाचकाला नवी नाही. १९६० साली फ्रान्समध्ये ‘ऊलिपो’ गट स्थापन झाला आणि त्यातल्या जॉर्ज पेरेकने १९६९मध्ये ‘ई’ हे अक्षर वगळून अख्खी कादंबरी लिहिली, हे आपण वर्गात सांगतो. त्याच्या कितीतरी आधी मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण टाळून ‘निरोष्ठ रामायण’ रचले, हे मात्र सांगायचे राहते. आणि सांगितलेच तर पांडित्याची कसरत म्हणून. बंधन हे केवळ कसरतीचे निमित्त की दृष्टीचे साधन, हा प्रश्न पंडिती काव्याबाबत आपण घाईने निकालात काढला आहे. जॅमचा इतिहास तो पुन्हा उघडतो.

२

दुसरा धागा जपानमधला. हिरोयुकी इमाबायाशी यांनी १९८१मध्ये रचलेला आणि १९८२च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला ‘सोकोबान’ हा खेळ. सोकोबान म्हणजे गोदामाचा रखवालदार. वरून पाहिलेले गोदाम, काही खोकी, काही खुणा केलेल्या जागा. रखवालदाराने प्रत्येक खोके खुणेवर न्यायचे. तो खोके फक्त ढकलू शकतो, ओढू शकत नाही. आणि एका वेळी एकच ढकलू शकतो. बस्स, एवढेच नियम. पण या एवढ्याशा नियमांतून जे निघते ते अफाट आहे. १९९७मध्ये जोसेफ कल्बर्सन यांनी दाखवून दिले की गणनाच्या दृष्टीने सोकोबान अतिशय कठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतो.

सोकोबानची शोकांतिका कोपऱ्यात घडते. खोके कोपऱ्यात गेले की ते पुन्हा बाहेर येत नाही, कारण त्याच्या मागे उभे राहायला जागा उरत नाही. हा कोपरा लक्षात ठेवावा; पुढे त्याचे काम आहे.

सोकोबानची नक्कल करणारे खेळ असंख्य निघाले. २०१३मध्ये स्टीफन लॅव्हेल यांनी ‘पझलस्क्रिप्ट’ हे मोफत साधन उपलब्ध करून दिले, तेव्हा खोकी ढकलण्याचे खेळ मोजक्या ओळींत लिहिता येऊ लागले. त्यांत नियम एका ठिकाणी लिहायचे आणि खेळ दुसऱ्या ठिकाणी घडायचा. ही विभागणी इतकी स्वाभाविक वाटते की तिच्याकडे लक्षही जात नाही. बुद्धिबळाचे नियम पटावर नसतात. नाटकाची संहिता रंगमंचावर ठेवलेली नसते.

३

२०१७च्या नॉर्डिक गेम जॅमचा विषय दोन शब्दांचा होता : ‘नॉट देअर’, म्हणजे ‘तिथे नाही’. असा विषय मिळाल्यावर बहुतेकांचे लक्ष ‘तिथे’कडे जाईल : हरवलेली वस्तू, अदृश्य शत्रू, रिकामी खोली. तैकारीचे लक्ष ‘नाही’कडे गेले. नकार हा तर्कशास्त्रातला एक प्रयोजक आहे आणि तो शब्दाच्या रूपात पटावर ठेवता येईल, ही त्याची मूळ कल्पना. लाव्हात पडूनही बर्फ वितळत नाही, कारण ‘बर्फ वितळणारा नाही’ असे पटावर लिहिलेले आहे, अशा स्वरूपाच्या चित्रातून खेळ उगवला. आपल्याकडे वैशेषिक परंपरेने पुढे ‘अभाव’ हा स्वतंत्र सातवा पदार्थ मानला. ‘नाही’लाही एक प्रकारचे अस्तित्व असते, हा विचार आपल्या वाचकाला परका वाटू नये.

त्या जॅममध्ये हा खेळ विजयी ठरला. २०१८च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये, म्हणजे प्रसिद्धीपूर्वीच, त्याला रचनेसाठीचे आणि सर्वोत्तम विद्यार्थी-खेळाचे अशी दोन पारितोषिके मिळाली. अंतिम आवृत्तीत दोनशेहून अधिक कोडी आहेत. दोन दिवसांत खेळ झाला ही आख्यायिका म्हणूनच अर्धीच खरी आहे : दोन दिवसांत बीज सापडले, त्याचे व्याकरण उलगडायला दोन वर्षे लागली.

हे व्याकरण असे : पटावर बाबा नावाचा एक पांढरा, सशासारखा प्राणी असतो. भिंती, दगड आणि झेंडा असतो. आणि त्यांच्याच शेजारी, त्यांच्याच आकाराचे, शब्दांचे ठोकळे असतात : ‘बाबा’ ‘इज’ ‘यू’, ‘वॉल’ ‘इज’ ‘स्टॉप’, ‘रॉक’ ‘इज’ ‘पुश’, ‘फ्लॅग’ ‘इज’ ‘विन’. डावीकडून उजवीकडे किंवा वरून खाली असे तीन शब्द एका ओळीत आले की ते वाक्य खरे होते. बाबा आपल्या आज्ञेने चालतो, कारण तसे लिहिलेले आहे. भिंत अडवते, कारण तसे लिहिलेले आहे. पण शब्दांचे ठोकळेही ढकलता येतात. ‘स्टॉप’ हा शब्द बाजूला सारला की भिंत तिथेच राहते, पण अडवत नाही. बाबा तिच्यातून चालत जातो. ‘वॉल इज यू’ जुळवले की सगळ्या भिंती एकदम आपल्या आज्ञेने सरकू लागतात. ‘बाबा इज विन’ जुळवले की झेंड्यापर्यंत जाण्याची गरजच संपते. आणि चुकून ‘यू’ निखळला तर पटावर आपण कुणीच उरत नाही. संगीत थांबते, सगळे काही जागच्या जागी असते, फक्त कर्ता नसतो.

संहिता रंगमंचावर आणून ठेवली, असेच याचे वर्णन करावे लागेल.

४

आता शब्दाचा धागा. जे. एल. ऑस्टिन यांची १९५५ची व्याख्याने १९६२मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हापासून ‘कृतिवाचक विधान’ ही संकल्पना आपण शिकवतो : काही वाक्ये जगाचे वर्णन करीत नाहीत, उच्चारताच जगात काही घडवतात. आपल्या पुराणांतील शाप आणि वर ही याची ठळक उदाहरणे. अहल्येची शिळा होते ती एका वाक्याने. या खेळात सगळीच वाक्ये शाप-वरांच्या जातीची आहेत. ‘रॉक इज फ्लॅग’ म्हणताच पटावरचे सगळे दगड झेंडे होतात. झेंडे मात्र दगड होत नाहीत. म्हणजे इथला ‘इज’ हा समानतेचा नाही. तो कधी गुण चिकटवतो, तर कधी रूपांतर घडवतो. मराठीत आपण ‘असणे’ आणि ‘होणे’ यांत जो भेद करतो, तो इंग्रजीच्या या दोन अक्षरी शब्दाने पोटात दडवून ठेवला आहे आणि खेळ त्या संदिग्धतेवरच उभा आहे. एक नियम तर विशेष सुंदर आहे : ‘बाबा इज बाबा’ हे वाक्य जुळले असेल, तर बाबाचे दुसऱ्या कशातही रूपांतर होऊ शकत नाही. तर्कशास्त्रात ज्याला आपण पोकळ पुनरुक्ती म्हणतो, ते इथे कवच होते.

हा खेळ मराठीत रचता आला असता का? इंग्रजी शब्द रूप बदलत नाहीत, म्हणून त्यांचे ठोकळे होऊ शकतात. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि कर्त्याप्रमाणे वाकते : भिंत आहे, तू आहेस, भिंती आहेत. ‘नॉट’ हा इंग्रजीत सुटा ठोकळा आहे. मराठीत ‘नाही’ येताच ‘आहे’ त्याच्यात विरून जाते. मराठी ‘बाबा’ रचायचा तर ठोकळे एकमेकांशेजारी येताच त्यांची रूपे बदलायला हवीत. तो कदाचित अधिक अवघड, पण अधिक जिवंत खेळ झाला असता. ‘बाबा’ हे नाव मात्र आपल्या कानाला लगेच घरचे वाटते. प्रत्यक्षात ते आले ‘बूबा-किकी’ या प्रयोगावरून : गोलसर आकाराला ‘बूबा’ आणि टोकदार आकाराला ‘किकी’ हे नाव माणसे जवळजवळ एकमताने देतात. १९२९मध्ये कोलर यांनी अशाच शब्दजोडीचा विचार मांडला होता. २००१मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी या जोडीला आजचे नाव दिले. खेळातल्या दुसऱ्या पात्राचे नाव ‘केके’ आहे ते त्यामुळेच. शब्द आणि अर्थ यांचे नाते केवळ संकेताचे, असे सोस्यूरनंतर आपण ठामपणे म्हणतो. ज्या खेळात शब्द वस्तूंवर राज्य करतात, त्याच्या नायकाचे नाव त्या ठामपणाला छेद देणाऱ्या प्रयोगातून यावे, हे अर्थपूर्ण आहे.

पुढच्या कोड्यांत ‘टेक्स्ट’ हा शब्दही येतो आणि तो पटावरील साऱ्या शब्दांचे नाव असतो. शब्द वस्तूचा वाचक असतो, तसाच तो स्वतःच्या रूपाचाही वाचक असू शकतो, हा भेद पाणिनीने व्याकरणात नियम म्हणूनच नोंदवून ठेवला. नियमांविषयी बोलणारे नियम आले की व्यवस्था किती खोल जाते, याचा पुरावाही आहे : पट एका बाजूने अमर्याद लांब धरला, तर एखादे कोडे सुटेल की नाही हे ठरवणारी कोणतीही सर्वसाधारण रीत असू शकत नाही, अशी सिद्धता २०२२मध्ये मांडली गेली.

५

आता त्या कोपऱ्याकडे परत जाऊ. या खेळातही कोपरे आहेत. काही वाक्ये पटाच्या अगदी कोपऱ्यात लिहिलेली असतात. त्यांच्या मागे उभे राहता येत नाही. म्हणून ती मोडता येत नाहीत. सोकोबानमध्ये कोपरा म्हणजे खेळाडूची चूक होती. इथे कोपरा म्हणजे कायदा. ज्या वाक्यामागे उभे राहायला जागाच नाही, ते वाक्य अटळ. सत्तेची इतकी नेमकी आणि इतकी अल्पाक्षरी प्रतिमा अलीकडच्या साहित्यात मला तरी सहज आठवत नाही.

या खेळाला मुक्तीचे रूपक म्हणण्याचा मोह म्हणूनच आवरावा. खेळाडू नवा शब्द आणू शकत नाही. दिलेल्या शब्दांचीच फेरजुळणी करू शकतो. शब्दसंग्रह कोणाचा आणि कोपऱ्यात काय ठेवायचे, हे रचनाकार ठरवतो. २०२१मध्ये कोडी रचण्याचे साधन खेळाडूंच्या हाती अधिकृतपणे आले खरे, पण त्यातही प्रत्येक नवा रचनाकार आपापले कोपरे आखूनच सुरुवात करतो. भाषेत आपले स्थान याहून फारसे वेगळे नसते. जातीविषयी, बाईविषयी, ‘शुद्ध’ मराठीविषयी कितीतरी विधाने आपल्याला भिंतीसारखी दिसत आली. ती वाक्ये आहेत हे ओळखायलाच पिढ्या गेल्या, आणि ओळखल्यावरही त्यांतली कित्येक कोपऱ्यात होती. समीक्षेचे काम भिंतीशेजारचे वाक्य दाखवण्याचे, हे आपण मानतोच. त्या वाक्यामागे उभे राहायला जागा कुठे आहे, हे शोधणेही तिचेच काम आहे.