सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ट्रकचालक व्यवसाय आणि स्वयंचलन

महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवाहू ट्रक, डंपर आणि टेम्पो चालवणे हे उपजीविकेचे एक महत्त्वाचे साधन आहे. वाहने चालकाविना धावू लागल्यास या रोजगाराचे काय होईल, हा प्रश्न २०१० च्या दशकापासून जगभर चर्चिला जात आहे. भारतात सार्वजनिक रस्त्यांवर चालकविरहित मालवाहतूक सुरू झालेली नाही. तथापि चालकाचे काम यंत्राकडे जाण्याची प्रक्रिया कोकणात निराळ्या वाटेने, म्हणजे रेल्वे, पथकर वसुली आणि वाहनांतील सुधारणा यांच्या मार्गाने, आधीच सुरू झालेली आहे. कोकण रेल्वेची १९९९ पासूनची रो-रो सेवा हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

पार्श्वभूमी

ट्रकचालक हा व्यवसाय कोकण किनाऱ्यावर तुलनेने नवा आहे. त्यापूर्वी येथील माल समुद्रमार्गे गलबते, मचवे व फतेमाऱ्या यांतून, आणि घाटमार्गे बैलगाड्यांतून व बैलांच्या पाठीवरून जात असे. सतराव्या शतकात डच वखार असलेले वेंगुर्ले हे एकोणिसाव्या शतकात बेळगाव भागाचे बंदर होते. आंबोली घाटातून गाडीवानांची ये-जा त्या व्यापारावर चाले. १८८० च्या दशकाच्या अखेरीस मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडले गेले. तो माल वेंगुर्ल्याऐवजी मुरगावकडे वळला आणि बंदराबरोबर गाडीवानांचाही व्यवसाय ओसरला. गाडीवानाचे कौशल्य जुने झाले नव्हते. माल त्याच्या रस्त्याने येईनासा झाला, एवढेच. पुढील शतकातील बदल समजून घेताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

मालवणचे बंदर खडकाळ असल्यामुळे मुंबईहून येणाऱ्या आगबोटी किनाऱ्यापासून दूर उभ्या राहत. माणसे व सामान पडावांतून धक्क्यावर आणले जाई. मंगलोरी कौले, मीठ, नारळ, लाकूड अशा जड मालासाठी शिडाची जहाजे सोयीची होती. स्वातंत्र्यानंतर खाड्यांवर पूल झाले, तरींची गरज उरली नाही आणि मुंबई–गोवा महामार्ग बारमाही वाहता झाला. १९८० च्या दशकात कोकण किनाऱ्यावरील प्रवासी आगबोटींची नियमित सेवा संपुष्टात आली. तांडेल आणि खलाशी यांच्या हातचे वहनाचे काम ट्रकचालकाकडे आले. आज ज्याच्या भवितव्याची चिंता केली जाते, तो चालक स्वतःच अशा एका स्थित्यंतरातून निर्माण झालेला आहे.

मालवाहतुकीचे स्वरूप

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. येथील वाहनांना एमएच-०७ हा नोंदणी क्रमांक मिळतो. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग १७ म्हणून ओळखला जाणारा महामार्ग ६६ खारेपाटण येथे जिल्ह्यात शिरतो आणि बांद्याजवळ पत्रादेवी येथे गोव्यात उतरतो. कोकण रेल्वेही साधारणतः याच पट्ट्यातून जाते. मालवण, देवगड आणि वेंगुर्ले या तिन्ही किनारी तालुक्यांच्या मुख्य गावांना रेल्वे स्थानक नाही. बंदरावरचा माल स्थानकापर्यंत किंवा महामार्गापर्यंत नेण्यास रस्त्याशिवाय पर्याय नाही.

जिल्ह्यातील मालवाहतूक हंगामी असून मालागणिक तिची रीत बदलते. मालवण, सर्जेकोट, देवगड, वेंगुर्ले आदी ठिकाणी मासळीचा लिलाव आटोपला की ती बर्फात रचून टेम्पोने गोवा, कोल्हापूर, बेळगाव व मुंबईकडे रवाना होते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात हे काम जवळजवळ थांबते. फेब्रुवारी-मार्चपासून मे अखेरपर्यंत हापूस आंब्याच्या पेट्या वाशीच्या घाऊक बाजाराकडे जातात. आंबा आणि मासळी दोन्ही नाशवंत असल्याने गाडी वेळेवर पोहोचणे हाच भावाचा निम्मा आधार असतो.

तिसरा मोठा प्रवाह खनिजांचा आहे. रेडी येथील लोहखनिज, कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसरातील सिलिका वाळू, जांभ्या दगडाच्या चिरेखाणी आणि खाड्यांतील वाळू यांवर डंपरचा धंदा उभा आहे. यांतील अनेक डंपर कर्ज काढून घेतलेले असतात आणि मालक स्वतःच किंवा घरातील कोणीतरी ते चालवतो. त्यामुळे उत्खनन वा वाहतूक यांवरील निर्बंधांचा परिणाम थेट हप्त्यांवर होतो. मार्च २०१६ मध्ये सिंधुदुर्गनगरी येथे झालेल्या डंपर व्यावसायिकांच्या आंदोलनामागे हीच अर्थव्यवस्था होती. स्वयंचलनाच्या चर्चेत चालकाला नोकरदार गृहीत धरले जाते. येथे तो पुष्कळदा कर्जदार मालकही असतो, आणि त्याच्या बाबतीत रोजगार जाणे म्हणजे भांडवल बुडणेही असते.

रो-रो सेवा

कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी रायगड जिल्ह्यातील कोलाड ते गोव्यातील वेर्णा या स्थानकांदरम्यान रो-रो सेवा सुरू केली. भरलेले ट्रक उतारावरून थेट सपाट वाघिणींवर चढवले जातात, चाकांना अडसर लावून साखळ्यांनी जखडले जातात आणि सुमारे ४०० किलोमीटरचे अंतर रेल्वेने कापून पुन्हा रस्त्यावर उतरतात. २००४ मध्ये ही सेवा कर्नाटकातील सुरतकलपर्यंत वाढवण्यात आली.

या प्रवासात चालक व क्लीनर आपल्या ट्रकसोबतच असतात. इंजिन बंद असते, सुकाणू हातात नसते, आणि तरीही माल पुढे सरकत असतो. वाहन चालते पण चालक ते चालवत नाही, ही भविष्यातील म्हणून सांगितली जाणारी स्थिती कोकणातील मार्गावर त्या अर्थाने १९९९ पासून आहे. येथे चालकाची नोकरी गेली नाही. डिझेल, टायर आणि अपघाताची जोखीम वाचली, वळणावळणाच्या दुपदरी महामार्गावरील रात्रीचे जागरण टळले, आणि दोन्ही टोकांना माल पोहोचवण्यासाठी चालक लागतच राहिला. अर्थात त्याच ट्रकवर दोन चालकांची पाळी ठेवण्याचे कारण मात्र उरले नाही.

सिंधुदुर्गच्या दृष्टीने या सेवेचा एक विपर्यास असा की ती जिल्ह्याच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत धावत असली तरी ट्रक चढवण्या-उतरवण्याची सोय कोलाड, वेर्णा व सुरतकल येथे होती. दूर पल्ल्याचे ट्रक जिल्ह्यातून रेल्वेवर बसून जात, स्थानिक ट्रक मात्र रस्त्यानेच. ऑगस्ट २०२५ मध्ये गणेशोत्सवाच्या निमित्ताने खासगी मोटारींसाठी कोलाड–वेर्णा रो-रो सेवा सुरू झाली, तेव्हा कणकवली तालुक्यातील नांदगाव रोड येथे थांबा देण्यात आला.

कामाचे बदलते रूप

चालकाच्या केबिनमधून पहिला बाहेर पडू लागला तो क्लीनर. चाक बदलणे, घाटात उटी लावणे, गाडी मागे घेताना हाका देणे, रात्री मालावर लक्ष ठेवणे ही त्याची कामे. ट्यूबविरहित टायर, पॉवर स्टिअरिंग, सुधारलेले ब्रेक व मागचा कॅमेरा यांनी त्यांतील पुष्कळशी अनावश्यक केली. क्लीनर म्हणून काही वर्षे काढल्यावर चालकाच्या आसनावर बसायचे, ही ट्रक शिकण्याची रूढ शाळा होती. ती आटल्यामुळे नवे चालक तयार होण्याची वाटही अरुंद झाली. चालकांच्या तुटवड्याची तक्रार वाहतूकदार करतात, तिच्या मुळाशी हेही एक कारण आहे.

फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचे झाल्यावर टोलनाक्यावरील सुट्या पैशांचा व्यवहार संपला. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराने राज्यांच्या सीमेवरील विक्रीकर तपासणी हटवली. गोव्याच्या सीमेवर असलेल्या या जिल्ह्यात तो बदल विशेष जाणवला. जीपीएसमुळे गाडी कोठे आहे हे मालकाला घरबसल्या कळते. प्रवास सुकर झाला आणि चालकाचा स्वतःच्या वेळेवरचा ताबा कमी झाला, या दोन्ही गोष्टी एकाच उपकरणाने घडवल्या.

चालकविरहित ट्रक

स्वयंचलित वाहनांची वर्गवारी शून्य ते पाच अशा सहा पातळ्यांत केली जाते. शून्य पातळीवर सर्व काम चालक करतो, पाचव्या पातळीवर कोणत्याही परिस्थितीत चालकाची गरज पडत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ऑटो या कंपनीच्या ट्रकने बिअरचा साठा सुमारे १९० किलोमीटर नेला. महामार्गावर चालक आसनावर नव्हता. इंटरनॅशनल ट्रान्सपोर्ट फोरमने २०१७ मधील अहवालात असा अंदाज वर्तवला की चालकविरहित ट्रक वेगाने स्वीकारले गेल्यास अमेरिका व युरोपमधील ६४ लाख चालकांपैकी ४४ लाखांपर्यंत चालक २०३० पर्यंत अनावश्यक ठरू शकतील. प्रत्यक्षात गती बरीच मंद राहिली. २०२३ मध्ये वेमो कंपनीने ट्रकचा कार्यक्रम बाजूला ठेवला. २०२५ मध्ये ऑरोरा कंपनीने टेक्सासमध्ये डॅलस–ह्यूस्टन मार्गावर चालकाविना व्यापारी वाहतूक सुरू केली, परंतु काही आठवड्यांतच ट्रकनिर्मात्याच्या विनंतीवरून आसनावर निरीक्षक बसवावा लागला.

खाणींमध्ये मात्र हे तंत्र २००८ पासून रुळले आहे. ऑस्ट्रेलियातील पिलबारा येथील लोहखनिजाच्या खाणींत महाकाय डंपर दूरस्थ नियंत्रण कक्षाच्या देखरेखीखाली चालतात. खाण म्हणजे एका मालकाचे, कुंपणातले, ठरलेल्या फेऱ्यांचे आवार. यंत्राला अनपेक्षित असे तेथे फारसे काही घडत नाही. या निकषाने सिंधुदुर्गात मासळीच्या टेम्पोवाल्यापेक्षा खाणीतला डंपरचालक आधी धोक्यात येतो. पण येथील खाणी लहान व विखुरलेल्या असल्याने एवढी गुंतवणूक परवडण्यासारखी नाही.

वेतनाचाही भाग आहे. अमेरिकेत ट्रक चालवण्याच्या खर्चात चालकाचे वेतन हा सर्वांत मोठा घटक असतो, भारतात डिझेल. चालक वगळून होणारी बचत येथे थोडी आणि यंत्रणेची किंमत तीच. म्हणून हे तंत्र येथे उशिरा येईल. ते उशिरा येण्याचे कारण चालकाची कमी मजुरी हे असेल, तर त्यात समाधान मानण्यासारखे काही नाही.

घाटरस्ते

जिल्ह्यातून घाटमाथ्यावर जाण्यासाठी करूळ, भुईबावडा, फोंडा आणि आंबोली हे प्रमुख घाट आहेत. आंबोली हे महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक असून पावसाळ्यात तेथे काही हातांपलीकडचे दिसत नाही. स्वयंचलित वाहन रस्त्यावरील पट्टे, कॅमेरे व लेसर किरणांनी अंतर मोजणारी साधने यांवर विसंबते. दाट धुके, मुसळधार पाऊस आणि वाहून आलेला लाल चिखल या तिन्हींना निकामी करतात. दरडी कोसळून रस्ता अडणे नित्याचे आहे. करूळ घाट जानेवारी २०२४ पासून रुंदीकरणासाठी दीर्घकाळ बंद होता आणि वाहतूक अन्य घाटांकडे वळवावी लागली.

घाटात चढणाऱ्या भरल्या गाडीला उतरणाऱ्या गाडीने वाट देणे, वळणावर कर्ण्याच्या आवाजावरून समोरच्या वाहनाचा अंदाज घेणे, उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून खालच्या गिअरमध्ये राहणे, हे ज्ञान चालकांमध्ये परंपरेने चालत आले आहे. शिवाय चालवणे हा कामाचा एक भागच असतो. ताडपत्री बांधणे, पेट्या मोजून घेणे, बर्फ वितळत असल्यास वाटेत भर टाकणे, बाजारात हमालांकडून माल उतरवून घेणे आणि पावती व कधी रोख रक्कम परत आणणे हीही जबाबदारी त्याच्यावरच असते.

कायदा व धोरण

मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ याने चालकांसाठी दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पुढे हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत समाविष्ट करण्यात आला. एक-दोन गाड्यांच्या मालकांकडील कामावर अशा तरतुदींचा प्रभाव अल्पच राहिला आहे. २०१९ मध्ये व्यावसायिक वाहन परवान्यासाठीची आठवी उत्तीर्णतेची अट रद्द झाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक झाले. जानेवारी २०२४ मध्ये भारतीय न्याय संहितेतील अपघातानंतर पळून जाण्याविषयीच्या शिक्षेविरुद्ध देशभर चालकांनी काम थांबवले आणि कलम १०६ चे पोटकलम २ लागू होणे लांबणीवर पडले. चक्रावर माणूस नसेल तर दोष कोणाचा, याचे उत्तर भारतीय कायद्यात अजून नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे चालकविरहित मोटारी भारतात येऊ देणार नसल्याचे सांगितले आणि त्यासाठी चालकांच्या रोजगाराचे कारण दिले. ही मंत्र्यांची जाहीर भूमिका आहे, कायदा नव्हे.

प्रस्तावित मार्ग

जिल्ह्यातील ट्रक वाहतुकीवर चालकविरहित वाहनांच्या आधी परिणाम करू शकतील असे दोन प्रकल्प आहेत. वर्धा जिल्ह्यातील पवनार ते पत्रादेवी हा सुमारे ८०० किलोमीटरचा नियोजित शक्तिपीठ महामार्ग प्रवेशनियंत्रित असेल. गुरे, वळणे व चौक नसलेला असा रस्ता हीच स्वयंचलित ट्रकची पहिली गरज असते. कोल्हापूर जिल्ह्यात भूसंपादनाला शेतकऱ्यांचा तीव्र विरोध आहे. दुसरा प्रकल्प म्हणजे मंजूर झालेला, परंतु दीर्घकाळ रखडलेला वैभववाडी–कोल्हापूर रेल्वेमार्ग. तो झाल्यास करूळ घाटातून जाणारा साखर, सिमेंट व धान्य यांसारखा जड माल रेल्वेकडे वळू शकेल. घाट चढणाऱ्या ट्रकऐवजी वैभववाडी स्थानकापासून मालवण, देवगडच्या बाजारपेठांपर्यंत दिवसातून दोन-तीन खेपा करणारे टेम्पो लागतील. चालक रात्री घरी असेल. लांब पल्ल्याच्या खेपेचे भाडे व भत्ता मात्र त्याला मिळणार नाही.