शहर आणि कुटुंबासाठी छोटी क्रॉसओव्हर : ब्रेझा की नेक्सॉन?

चार-पाच माणसांच्या कुटुंबासाठी मोटार घेण्याचा विचार सुरू झाला, की गेल्या काही वर्षांत दोन नावे हमखास पुढे येतात. एक मारुती सुझुकीची ब्रेझा आणि दुसरी टाटा मोटर्सची नेक्सॉन. दोन्ही मोटारींची लांबी ३,९९५ मिलिमीटर, दोन्ही पाच आसनी आणि दोन्ही पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. वरकरणी सारख्या दिसणाऱ्या या मोटारींची रचना मात्र वेगवेगळा विचार करून झालेली आहे. निवड करताना हा फरक लक्षात घेतला नाही, तर सात-आठ वर्षे वापरायच्या वस्तूवर मोठी रक्कम खर्च करूनही गरज अपुरीच राहते. म्हणून या दोन मोटारींची ही तुलनात्मक माहिती.

क्रॉसओव्हर म्हणजे काय?

जुन्या पद्धतीच्या जीपसारख्या वाहनांत भक्कम पोलादी चौकटीवर वरचा सांगाडा बसवलेला असतो. क्रॉसओव्हरमध्ये तशी स्वतंत्र चौकट नसते. साध्या मोटारीप्रमाणेच संपूर्ण सांगाडा एकसंध असतो. फक्त बैठक उंच आणि जमिनीपासूनचे अंतर अधिक ठेवलेले असते. त्यामुळे चालवण्याची सुलभता मोटारीची आणि खड्डे, गतिरोधक व पावसाळ्यातील पाणी पार करण्याची सोय थोडीफार जीपची, असा मेळ साधला जातो. ब्रेझा आणि नेक्सॉन या दोन्ही याच प्रकारात मोडतात. चारही चाकांना गती देणारी यंत्रणा यांपैकी एकीतही नाही, हे खरेदीपूर्वी ध्यानात ठेवावे.

दोघींची पार्श्वभूमी

मारुतीने मार्च २०१६ मध्ये व्हिटारा ब्रेझा या नावाने ही मोटार बाजारात आणली. तेव्हा तिला केवळ १.३ लिटरचे डिझेल इंजिन होते. २०२० मध्ये भारत स्टेज ६ ही प्रदूषण मानके लागू होताना डिझेल बंद झाले आणि १.५ लिटरचे पेट्रोल इंजिन आले. ३० जून २०२२ रोजी नव्या रूपातील मोटार केवळ ब्रेझा या नावाने सादर झाली.

नेक्सॉन सप्टेंबर २०१७ मध्ये आली. तिचे उत्पादन पुण्याजवळील रांजणगाव येथे होते. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत पाच तारे मिळवणारी ती भारतात तयार झालेली पहिली मोटार ठरली. जानेवारी २०२० मध्ये तिची विद्युत आवृत्ती आली, तर सप्टेंबर २०२३ मध्ये संपूर्ण मोटारीचे रूप बदलण्यात आले.

इंजिनाचा स्वभाव

ब्रेझामध्ये १,४६२ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे. त्याची शक्ती सुमारे १०३ अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजेच ओढण्याचा जोर, १३७ न्यूटन मीटर आहे. नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन १,१९९ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरचे, पण टर्बोचार्जर असलेले आहे. त्याची शक्ती १२० अश्वशक्ती आणि टॉर्क १७० न्यूटन मीटर आहे.

आकडे पाहता नेक्सॉन पुढे दिसते आणि भरलेली मोटार घेऊन खंबाटकी किंवा बोरघाट चढताना हा जोर जाणवतोही. शहरातील रांगेत मात्र गणित थोडे बदलते. टर्बो इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या वर गेल्यावरच खुलते. त्याखाली ते काहीसे आळसते. टर्बो नसलेले ब्रेझाचे इंजिन जोराने कमी असले, तरी पाय दाबल्याबरोबर सरळ प्रतिसाद देते. चार सिलिंडरमुळे थरथरही कमी असते. रोज सिग्नल ते सिग्नल जाणाऱ्याला ब्रेझा अधिक निवांत वाटेल, तर महिन्यातून दोनदा गावी जाणाऱ्याला नेक्सॉन अधिक समर्थ वाटेल.

गिअर बदलण्याचा प्रश्न

मोठ्या शहरांत क्लच दाबून पाय दुखण्याची तक्रार आता सार्वत्रिक आहे. त्यामुळे स्वयंचलित गिअरकडे ओढा वाढला आहे. परंतु ‘स्वयंचलित’ या एकाच शब्दामागे निरनिराळ्या यंत्रणा असतात.

ब्रेझामध्ये टॉर्क कन्व्हर्टर पद्धतीचा सहा गतींचा गिअरबॉक्स मिळतो. यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाच्या माध्यमातून जोडणी होते. त्यामुळे अतिशय मंद वाहतुकीत मोटार धक्के न देता सरकते. नेक्सॉनमध्ये दोन पर्याय आहेत. पहिला, साध्या गिअरबॉक्सवर यांत्रिक हात बसवलेला ‘एएमटी’. तो स्वस्त असतो, पण गिअर बदलताना किंचित झोका जाणवतो. दुसरा, दोन क्लचचा सात गतींचा गिअरबॉक्स. तो वेगवान आणि सफाईदार आहे, पण महाग आहे. चाचणीसाठी मोटार घेताना मोकळ्या रस्त्यावर न जाता मुद्दाम गर्दीच्या वेळी, शक्यतो एखाद्या चढाच्या पुलावर ती चालवून पाहावी. फरक दहा मिनिटांत कळतो.

इंधनाचे पर्याय

ब्रेझा पेट्रोल आणि सीएनजी या दोन इंधनांवर उपलब्ध झाली. नेक्सॉनमध्ये पेट्रोल, डिझेल, सीएनजी आणि वीज असे चारही पर्याय आले. प्रमाणित चाचणीत ब्रेझा पेट्रोलचा आकडा प्रकारानुसार लिटरला सुमारे १७ ते २० किलोमीटर, नेक्सॉन पेट्रोलचा सुमारे १७ आणि नेक्सॉन डिझेलचा २३ ते २४ किलोमीटर आहे. हे आकडे प्रयोगशाळेतील असतात. वातानुकूलन सुरू ठेवून शहरात चालवताना त्यापेक्षा बरेच कमी अंतर मिळते.

डिझेल परवडते का, याचे एक सोपे गणित मांडता येईल. समजा, डिझेल आवृत्ती एक लाख रुपयांनी महाग आहे, पेट्रोल १०० रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे, आणि शहरात पेट्रोल मोटार १२, तर डिझेल मोटार १७ किलोमीटर जाते. वर्षाला १०,००० किलोमीटर वापर असल्यास इंधनात सुमारे ३०,००० रुपये वाचतात आणि जादा रक्कम साधारण सव्वातीन वर्षांत वसूल होते. वापर ६,००० किलोमीटरच असेल, तर त्यासाठी साडेपाच वर्षे लागतात.

येथे एक तांत्रिक बाबही विसरता कामा नये. भारत स्टेज ६ च्या डिझेल मोटारीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती गाळणी तापून स्वच्छ होण्यासाठी मोटार अधूनमधून सलग वेगाने धावावी लागते. केवळ शाळा, बाजार आणि कार्यालय अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्यांची गाळणी तुंबण्याची शक्यता असते. अशा कुटुंबांनी डिझेल टाळणेच श्रेयस्कर. दिल्ली आणि परिसरातील वाचकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. तेथे दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने निर्बंध घातले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम ठेवले. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यात काही दिलासा दिला असला, तरी खरेदीपूर्वी अद्ययावत नियम तपासणे आवश्यक आहे.

सीएनजीमध्ये प्रश्न डिकीचा असतो. ब्रेझाची ३२८ लिटरची डिकी सीएनजी आवृत्तीत टाकीने बरीचशी व्यापली जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या नेक्सॉन सीएनजीमध्ये दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्यामुळे ३२१ लिटर जागा शिल्लक राहते. एरवी नेक्सॉनची डिकी ३८२ लिटरची आहे. बाळाची ढकलगाडी किंवा आजोबांची चाकांची खुर्ची नेहमी सोबत न्यावी लागत असेल, तर हा फरक निर्णायक ठरू शकतो.

बैठक आणि घरातील ज्येष्ठ

ब्रेझाची उंची १,६८५ मिलिमीटर, तर नेक्सॉनची १,६२० मिलिमीटर आहे. उंच छत आणि उभट दारे यांमुळे गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना ब्रेझात चढणे-उतरणे सोपे जाऊ शकते. नेक्सॉनचे छत मागे उतरते आहे. पण जमिनीपासूनचे अंतर २०८ मिलिमीटर म्हणजे ब्रेझापेक्षा दहा मिलिमीटर अधिक आहे. दोन्ही मोटारींच्या चाकांमधील अंतर जवळजवळ सारखेच, अडीच मीटर आहे. त्यामुळे मागे तीन प्रौढ माणसे दोन्हींत दाटीवाटीनेच बसतात. आई-वडिलांना दुकानात सोबत नेऊन प्रत्यक्ष बसवून पाहणे हाच यावर उत्तम उपाय.

सुरक्षितता

या मुद्द्यावर उपलब्ध पुरावा नेक्सॉनच्या बाजूने अधिक स्पष्ट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या नव्या, अधिक कडक निकषांवर तिला प्रौढ आणि बालक या दोन्ही गटांत पाच तारे मिळाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत एनकॅपच्या चाचणीत तिला प्रौढांसाठी ३२ पैकी २९.४१ आणि बालकांसाठी ४९ पैकी ४३.८३ गुण मिळाले. जुन्या व्हिटारा ब्रेझाला २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपने प्रौढांसाठी चार आणि बालकांसाठी दोन तारे दिले होते. तो निकाल मागच्या पिढीच्या, दोन एअरबॅग असलेल्या मोटारीचा असल्याने २०२२ नंतरच्या ब्रेझाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. २०२५ च्या प्रारंभी ब्रेझाच्या सर्व आवृत्त्यांत सहा एअरबॅग देण्यात आल्या.

मात्र तारे कितीही असले, तरी पट्टा न लावणाऱ्याला ते वाचवू शकत नाहीत. मागच्या आसनावरील प्रवाशांनाही पट्टा बंधनकारक आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याशिवाय किंवा बाल आसनाशिवाय नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. लहान मूल असलेल्या कुटुंबाने मोटारीच्या किमतीतच बाल आसनाचा खर्च धरावा. मांडीवर घेतलेले मूल धडकेच्या क्षणी हातात राहत नाही.

किंमत आणि कर

लांबी सारखी असूनही या दोन मोटारींवरील कर वेगळा आहे, याची अनेकांना कल्पना नसते. चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल इंजिन १,२०० किंवा डिझेल इंजिन १,५०० घनसेंटिमीटरपर्यंत असेल, तरच मोटार ‘लहान’ ठरते. नेक्सॉनची इंजिने या मर्यादेत बसतात. ब्रेझाचे इंजिन मोठे असल्याने ती बसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांनुसार लहान मोटारींवर १८ टक्के, तर इतरांवर ४० टक्के कर लागतो. त्यापूर्वी उपकरासह नेक्सॉन पेट्रोलवर २९ आणि ब्रेझावर ४५ टक्के भार होता.

उदाहरणादाखल, दोन्ही मोटारींची दुकानातील किंमत ११ लाख २० हजार रुपये धरली, तर ब्रेझाची करपूर्व किंमत ८ लाख आणि नेक्सॉनची सुमारे ९ लाख ४९ हजार रुपये निघते. सारख्या पैशांत नेक्सॉनमध्ये अधिक साधने दिसतात, त्यामागील एक कारण हेही आहे.

देखभाल आणि बदली

देशातील सर्वांत विस्तृत सेवा जाळे मारुतीचे आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा त्याहूनही दूर, लहान गावी बदली होणाऱ्या कुटुंबाला ही बाब मोलाची वाटेल. मारुतीच्या मोटारींना जुन्या बाजारात मागणीही चांगली असते. नेक्सॉन घेणाऱ्यांनी आपल्या गावातील सेवा केंद्राचा अनुभव तेथील दोन-तीन मालकांना विचारून घ्यावा.

मोटार बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. ही यातायात टाळण्यासाठी २०२१ मध्ये ‘बीएच’ मालिका सुरू झाली. संरक्षण दल व सरकारी कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी संस्थांतील कर्मचारी तिचा लाभ घेऊ शकतात.

कोणी कोणती घ्यावी?

मुख्यतः शहरात, स्वयंचलित गिअरसह, पेट्रोलवर वापर. घरात ज्येष्ठ मंडळी. वारंवार बदली आणि कमीत कमी कटकटीची अपेक्षा, अशा कुटुंबास ब्रेझा अनुरूप आहे. महामार्गावरील प्रवास अधिक, लहान मुले सोबत, चाचणीत सिद्ध झालेल्या सुरक्षिततेला अग्रक्रम किंवा डिझेल, सीएनजी व विजेचा पर्याय हवा, अशा कुटुंबास नेक्सॉन योग्य ठरेल.

आवृत्त्या, साधने आणि किमती वरचेवर बदलतात. म्हणून नोंदणीची रक्कम भरण्यापूर्वी हव्या त्या आवृत्तीचे माहितीपत्रक आणि विमा, पथकर यांसह अंतिम किंमत लेखी घ्यावी. कुटुंबातील सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत लहान व्यक्तीला सोबत घेऊन एक फेरी मारावी. जिच्यात ती दोघे सुखाने बसतील, तिचाच विचार आधी करावा.