पेटीवरचा मजकूर आणि पेटीतली वस्तू
(साताऱ्यात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर संयोजकांनी एका महागड्या परदेशी घड्याळाचं चित्र छापलंय. विषय ‘अस्सल कसं ओळखावं’ असा, म्हणून असेल. परिणाम असा झाला की काल सांगलीला घरी एका गृहस्थांचा फोन आला. ‘सर, माझ्याकडे असं एक घड्याळ आहे, घेऊन येऊ का? बघून सांगाल?’ म्हटलं, या जरूर. पण मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. खरं म्हणजे काय, यावर मी दोन तास बोलेन. तुमचं घड्याळ खरं की खोटं, ते मात्र घड्याळजीला दोन मिनिटांत कळेल.

घड्याळजी काय करतो ते तुम्ही पाहिलं असेल. हातात घेऊन वजन बघतो, कानाला लावतो. डोळ्यावर भिंग चढवून तबकडीवरची अक्षरं वाचतो. नकली मालात अक्षर फुटलेलं असतं, कधी स्पेलिंगच चुकलेलं असतं. सेकंदकाटा टकटक उड्या मारतोय की सलग सरकतोय ते बघतो. आता यावर लोक फार विसंबतात, की काटा उड्या मारला म्हणजे आत बॅटरी, म्हणजे रोलेक्स नकली. पण रोलेक्सनेही १९७०च्या दशकापासून कित्येक वर्षं बॅटरीवरची घड्याळं काढली होती. तेव्हा एका खुणेवर निकाल देता येत नाही. शेवटी तो मागचं झाकण उघडतो आणि यंत्र बघतो. आणि गिऱ्हाईक काय दाखवत असतं? पेटी दाखवत असतं, कागद दाखवत असतं. अहो, नकली घड्याळ बनवणाऱ्याला पेटी बनवणं काय अवघड आहे? घड्याळापेक्षा पेटी सोपी.

माझ्या हातातलं हे एचएमटी. एम. ए. झालो तेव्हा वडिलांनी घेऊन दिलं. मध्यंतरी एका दुकानात दुरुस्तीला दिलं होतं, ते परत आलं तर तबकडी चकाचक. जुनी खरवडून नवी रंगवलेली, नाव पुन्हा छापलेलं. मी चिडलो, पण करणार काय? यंत्र तेच, काटे तेच, वडिलांनी दिलेलं तेच. फक्त चेहरा खोटा. आता हे घड्याळ खरं की खोटं? हल्ली ऑनलाइन अशी रंगीबेरंगी एचएमटी विकायला असतात, कंपनीनं कधी काढलेच नव्हते असले रंग. आत मात्र यंत्र एचएमटीचं. म्हणजे खोटी वस्तू वेगळी, आणि खऱ्या वस्तूवर लागलेलं चुकीचं लेबल वेगळं. एवढा फरक मनात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

कारण मला बोलायचंय ते घड्याळाबद्दल नाही, आपल्या साताऱ्यात आलेल्या वाघनखांबद्दल.

तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली असतील. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाशी करार केला, तीन वर्षांसाठी ती उसनी घेतली, आणि १९ जुलै २०२४ ला इथल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ती मांडली गेली. त्याच सुमारास कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनी लंडनच्या संग्रहालयाचं पत्र पुढे ठेवलं आणि ही महाराजांची वाघनखं नव्हेत असं सांगितलं. सरकारनं आपली भूमिका सोडली नाही. मग जे व्हायचं तेच झालं. एका बाजूला ‘शंका घेता म्हणजे महाराजांचा अपमान करता’, दुसऱ्या बाजूला ‘जनतेची फसवणूक केली’. पुरावा काय आहे हे बघायला कुणाला सवड नव्हती. आपण आज बघू.

या वाघनखांना एक पेटी आहे. तिच्यावर इंग्रजी मजकूर आहे. त्याचा आशय असा: हे शिवाजीचं वाघनख, ज्यानं त्यानं मुघल सेनापतीला मारलं, ईडनचे मिस्टर जेम्स ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असताना मराठ्यांच्या पेशव्याच्या पंतप्रधानानं हा अवशेष त्यांना दिला. बस्स. वस्तूला महाराजांशी जोडणारा जो काही पुरावा संग्रहालय सांगतं, तो एवढाच.

हा मजकूर आपण घड्याळजीच्या भिंगातून वाचू.

‘मुघल सेनापती’ म्हणजे कोण? १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला तो अफझलखान. तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. मुघलांचा नव्हे. हे तुमच्या चौथीतल्या नातवालाही ठाऊक आहे. आणि ग्रँट डफला तर नक्कीच ठाऊक होतं! त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला, त्यात हा प्रसंग आहे, खान विजापूरचा हे स्पष्ट आहे. मग ज्यानं हा प्रसंग अभ्यासून लिहिला, तो आपल्याच पेटीवर ‘मुघल’ कोरून घेईल?

पुढे ‘ईडनचे ग्रँट डफ’. ईडन ही स्कॉटलंडमधली इस्टेट. तिचा वारसा त्याला मिळाला १८२५च्या सुमारास, आणि ‘डफ’ हे आडनाव त्यानं जोडून घेतलं तेही तेव्हाच. साताऱ्यात होता तोवर तो नुसता कॅप्टन जेम्स ग्रँट. म्हणजे हा मजकूर साताऱ्यातला नाही, त्याच्या परत जाण्यानंतरचा आहे. संग्रहालयही सांगतं की पेटी स्कॉटलंडला गेल्यावर तयार झाली. किती वर्षांनी, ते त्यातून निघत नाही.

आणि ‘पेशव्याचा पंतप्रधान’ हे तर अजबच आहे. पेशवा हाच छत्रपतींचा पंतप्रधान. पंतप्रधानाचा पंतप्रधान कोण? लिहिणाऱ्याचा गोंधळ झालाय हे उघड आहे. संग्रहालयानं त्याचा अर्थ लावताना असं सुचवलंय की दुसऱ्या बाजीरावानं कदाचित शरण येताना हे शस्त्र ग्रँट डफला दिलं असावं. पण जून १८१८ मध्ये बाजीराव शरण आला तो असीरगडाजवळ, आणि आला तो जॉन माल्कमला. तिथून त्याला बिठूरला पाठवलं. ग्रँट तेव्हा इकडे साताऱ्यात नव्या राज्याची घडी बसवत होता. गाठ कुठे पडली मग? एखादं घराण्याचं शस्त्र साताऱ्यात त्याला मिळायचंच असेल तर ते प्रतापसिंह महाराजांकडून मिळणं सयुक्तिक. दोघांचे संबंध चांगले होते, जुने कागद बघायला महाराजांनी त्याला मदत केली होती. पण पेटीवर प्रतापसिंहांचं नाव नाही.

आपल्या न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण मानलंय, पण कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा शब्द. आप्त म्हणजे कोण? ज्याला गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो. पेटीवर लिहिणारा प्रामाणिक असेल, नाही म्हणत नाही. बहुधा घरातली ऐकीव गोष्ट त्यानं अभिमानानं कोरून घेतली. पण त्याला ठाऊक नव्हतं. तीन वाक्यांत तीन ठिकाणी घसरलेला माणूस चौथ्या गोष्टीबद्दल आप्त कसा मानायचा?

इथे थांबून कुणी म्हणेल, झालं तर, वाघनखं खोटी. थांबा. आठवा माझं एचएमटी. तबकडी खोटी म्हणून यंत्र खोटं ठरत नाही. पेटीवरचा मजकूर चुकला म्हणून आतलं पोलाद खोटं ठरत नाही. ही वाघनखं आहेत, बनावट खेळणं नाही. एखादा धातुतज्ज्ञ त्यांची घडण पाहून काळाचा अंदाज सांगू शकेल. समजा त्यानं सांगितलं, सतराव्या शतकातली आहेत. तरी प्रश्न उरतोच. सतराव्या शतकात दख्खनमध्ये वाघनख एकच होतं का? ते कुणाच्या बोटांत होतं हे पोलाद सांगत नाही. पोलादाला रासायनिक घटक असतात, मालक नसतो.

मालक कशानं कळतो? हातोहात आलेल्या साखळीनं. २०१७ मध्ये न्यूयॉर्कला एक रोलेक्स लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. त्याच जातीची दुसरी घड्याळं याच्या कितीतरी कमी किमतीला मिळतात. मग हे का एवढं? तर ते नट पॉल न्यूमन यांच्या मनगटावरचं होतं. बायकोनं मागच्या बाजूला ‘जपून चालव’ अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले होते. त्यांनी ते मुलीच्या मित्राला दिलं, आणि तोच मित्र पुढे विकायला आला. मध्ये एकच हात, आणि देणाऱ्याचं घर साक्षीला. घड्याळजी सांगेल ते घड्याळ रोलेक्स आहे एवढंच. न्यूमनचं आहे हे सांगायला माणसं लागली.

आता आपली साखळी बघा. १६५९ ते १८१८, एकशे एकोणसाठ वर्षं. मध्ये काय काय झालं? १६८९ मध्ये रायगड मुघलांच्या हाती पडला, येसूबाई आणि बाळ शाहू कैदेत गेले, रायगडावरच्या चीजवस्तूंची वाताहत झाली. शाहू महाराज सुटून आले १७०७ मध्ये, साताऱ्याला राज्याभिषेक झाला १७०८ मध्ये. मग पेशवाई, मग १८१८. यातल्या एकाही टप्प्यावर ‘हे ते वाघनख’ म्हणून सांगणारा दुवा लंडनच्या संग्रहालयाकडे नाही. म्हणून ते म्हणतात, ही तीच वाघनखं असल्याची खातरजमा करता आलेली नाही. आणि हीच कसोटी मी दुसऱ्या बाजूलाही लावीन. खरी वाघनखं आणखी कुठे तरी आहेत असं जो म्हणेल, त्यानंही १६८९ ओलांडून दाखवायला हवं. ते सोपं नाही.

आणखी एक अडचण सांगतो, ती लोकांना फार टोचते. त्या दिवशी नेमकं कोणतं शस्त्र चाललं याबद्दलही जुनी साधनं एकसारखं बोलत नाहीत. सभासदाची बखर, जी राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली, तिच्यात वाघनख आहे आणि बिचवाही आहे. परमानंदाचं शिवभारत त्याहून जुनं, महाराजांच्या हयातीतलं, आणि त्यात वार कृपाणाचा आहे. मी इतिहास संशोधक नाही, पण वाचतो. मला वाटतं वाघनख होतं. परंपरा जोरकस आहे आणि असं शस्त्र लपवून नेणं त्या प्रसंगाला साजेसं आहे. पण ‘मला वाटतं’ हे शब्द मी गाळणार नाही.

ही चिकित्सा कुणी परक्यानं आपल्यावर लादलेली नाही बरं का. ग्रँट डफचा इतिहास कॅपननं मराठीत आणला १८३०च्या सुमारास आणि पुढे तो शाळांतून चालला. त्याच्यावर पहिली कडक टीका केली नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी, १८६८च्या सुमारास, विद्यार्थिदशेत! आणि इथून तासाभरावर वाई आहे. तिथे राजवाड्यांना जुनी दप्तरं मिळाली, त्यातून १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. राजवाड्यांचा आग्रह काय होता? अस्सल समकालीन पत्र एका बाजूला आणि मागाहून लिहिलेली बखर दुसऱ्या बाजूला, तर पत्र मोठं. राजवाडे काही महाराजांचे कमी भक्त नव्हते. आपल्याकडे पूर्वी भलत्याच माणसाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून घरोघरी लागलेलं होतं. वा. सी. बेंद्र्यांनी डच साधनांतून खरं चित्र शोधून काढलं, १९३३ मध्ये ते लोकांसमोर आलं. तेव्हा जुनी तसबीर उतरवताना कुणाला अपमान वाटला असेलही. पण उतरवली.

मी नातवाला घेऊन इथे वाघनखं बघायला आलो होतो. रांग मोठी होती. मी त्याला हळूच पेटीचा किस्सा सांगत होतो, तर पुढच्या बाई, जावळीकडच्या असाव्यात, वळल्या. ‘गुरुजी, खरी हायती न्हवं?’ मंडळी, चाळीस वर्षं शिकवून इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. रांगेत उभं राहून, उन्हातून आलेल्या बाईला ‘पुरावा अपुरा आहे’ म्हणायचं? आणि ‘हो’ म्हणायचं, तर नातू बघतोय. मी म्हटलं, ‘ताई, वाघनखं खरी आहेत, जुनी आहेत. महाराजांचीच का, ते लंडनवाल्यांनाही सांगता येत नाही.’ त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मग तसं लिवून का न्हाई ठेवत?’

नेमकं बोलल्या. संग्रहालयाचं म्हणणंही तेच होतं, की ही खातरजमा झालेली नाही हे लोकांना सांगावं. तेवढी एक ओळ मोठ्या अक्षरांत काचेशेजारी लावायला काय हरकत होती? रांग कमी झाली नसती. त्या बाईंनी मला विचारून झाल्यावरही काचेपुढे हात जोडलेच. मीही जोडले. नातवानं घरी येताना एसटीत विचारलं, ‘आजोबा, तुम्ही तर म्हणाला माहीत नाही, मग नमस्कार कुणाला केला?’ त्याला मी प्रतापगडाला केला असं सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही, माझंही पुरतं झालं नाही. आम्ही वाटेत बराच वेळ भांडत होतो.

असो, वेळ झाली. काल फोन केलेले गृहस्थ आलेत का? हां, मागे बसलेत. या पुढे. पेटी राहू द्या तिथेच, घड्याळ तेवढं आणा. आणि सभागृहात कुणी घड्याळजी असेल तर त्यांनीही या. तोवर बाकीच्यांचे प्रश्न घेऊ.