चकमकींचा समतोल

चकमकींचा समतोल : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या टेबलाभोवती बसून खेळायच्या अद्भुतरम्य खेळांत खेळाडूंच्या पात्रांसमोर कोणते आणि किती शत्रू उभे करायचे, याचा आधी मांडलेला हिशेब. तो मांडायचा खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरने. बाकीचे चार-पाच जण एकेक पात्र सांभाळतात. डन्जन मास्टरच्या हाती अख्खे जग असते, त्यामुळे पहिल्याच वळणावर ड्रॅगन आणून सगळ्यांची राखरांगोळी करायला त्याला कुणाची आडकाठी नसते. पण तसे केले तर पुढच्या रविवारी त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. शत्रू अगदीच लेचेपेचे निघाले तर फासे टाकायलाही कंटाळा येतो. खेळाडूंना मरणाची भीती वाटावी, पण बहुतेक वेळा ते वाचावेत, असा हा चमत्कारिक व्यवहार आहे.

1974 साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ तीन पुस्तिकांच्या रूपाने बाहेर पडला. त्यात समतोलाचे असे सूत्र नव्हते. होती ती भुयाराची खोली : पहिल्या मजल्यावर किरकोळ प्राणी, आणि जितके खाली उतराल तितके भयंकर. किती खाली जायचे हे खेळाडूंनीच ठरवायचे असल्याने धोक्याचे मापही त्यांच्याच हाती होते. शिवाय लुटून आणलेल्या सोन्याच्या नाण्यांवर अनुभवाचे गुण मिळत, आणि राक्षस मारण्यापेक्षा ते पुष्कळ जास्त असत. झोपलेल्या राक्षसाच्या उशाखालून पेटी लांबवणे हा सरळसरळ शहाणपणाचा मार्ग होता.

टॉम मोल्डव्हे यांनी 1981 साली संपादित केलेल्या ‘बेसिक’ संचात शत्रूच्या धैर्याचा ऐच्छिक नियम आहे. टोळीतला पहिला गडी पडला की दोन फासे टाकायचे. निम्मी टोळी पडली की पुन्हा टाकायचे. बेरीज त्या प्राण्याच्या धैर्याच्या अंकापेक्षा जास्त आली तर टोळी पाय लावून पळते किंवा शरण येते. गॉब्लिनचा अंक 7, म्हणजे प्रत्येक तपासणीला पळ काढण्याची शक्यता शंभरात सुमारे 42. कागदावर जड दिसणारी लढाई अशा रीतीने मध्येच सुटत असे. पुढच्या आवृत्त्यांत हा नियम मागे पडला आणि शत्रू शेवटच्या श्वासापर्यंत लढू लागले. समतोलाच्या गणिताची गरज वाढली त्यामागे हेही एक कारण असावे.

गणित खऱ्या अर्थाने आले ते 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. खेळाची मूळची प्रकाशक टीएसआर कंपनी तोवर विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली होती. नव्या आवृत्तीत प्रत्येक राक्षसाला ‘चॅलेंज रेटिंग’ मिळाले. पाचव्या पातळीच्या चार पात्रांची पाच रेटिंगच्या शत्रूशी गाठ पडली तर त्यांची साधारण 20 टक्के शिदोरी, म्हणजे मंत्र, औषधे, हिट पॉइंट (मार सोसण्याची ताकद), खर्च व्हावी, असे गृहीत होते. सगळ्याच लढती तोडीस तोड असू नयेत, अधूनमधून एखादी अशीही असावी की जिच्यातून पळूनच जावे, हेही त्या पुस्तकाने बजावले होते. तो सल्ला बहुतेकांनी वाचून सोडून दिला.

2014 सालच्या पाचव्या आवृत्तीने हा हिशेब अनुभवगुणांत मांडला, आणि त्यातली गोम दोन शत्रूंच्या तुलनेत चांगली उघडी पडते. एक ऑगर : 59 हिट पॉइंट, किंमत 450 गुण. दुसरीकडे आठ गॉब्लिन : प्रत्येकी 7 हिट पॉइंट, 50 गुण, एकूण 56 हिट पॉइंट आणि 400 गुण. बेरजेवर गेले तर ऑगरच किंचित भारी. आता समोर 15 आर्मर क्लासचा (घाव लागायला गाठावा लागणारा आकडा) योद्धा उभा करा. ऑगर एका फेरीत एकदाच सोटा हाणतो, तो लागण्याची शक्यता 60 टक्के आणि लागला तर सरासरी 13 गुणांची इजा. फेरीमागे हिशेब पडतो आठाच्या आसपास. आठ गॉब्लिन आठ बाण सोडतात, त्यातले निम्मे लागतात आणि फेरीमागे वीस-बावीस गुणांचे रक्त काढतात. शिवाय ऑगरला एका मंत्राने निकामी केले की तो गप्प. आठांतला एक निकामी झाला तर सात उरतात.

खेळाडू याला ‘ॲक्शन इकॉनॉमी’ म्हणतात : कोणाच्या बाजूला किती पाळ्या. संख्याबळाचे हे गणित खेळापेक्षा जुने आहे. ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात असे मांडले की, दुरून मारा करणाऱ्या सैन्याची ताकद त्याच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाचव्या आवृत्तीने म्हणूनच गुणक लावला. दोन शत्रू असतील तर गुणांची दीडपट, तीन ते सहा असतील तर दुप्पट, सात ते दहा असतील तर अडीचपट, आणि पंधरा किंवा अधिक असतील तर चौपट. आपले आठ गॉब्लिन या न्यायाने 1000 गुणांचे ठरतात.

पण ऑगरला कमी लेखण्यातही धोका आहे. पहिल्या पातळीच्या जादूगाराचे हिट पॉइंट साधारण 8 असतात. ऑगरच्या सोट्याची इजा आठ बाजूंच्या दोन फाशांची बेरीज अधिक 4, म्हणजे किमान 6 आणि कमाल 20. इजा 16 किंवा त्याहून जास्त झाली तर भरपूर इजेच्या नियमाप्रमाणे जादूगार बेशुद्धही पडत नाही, जागीच मरतो. ही शक्यता प्रत्येक लागलेल्या घावामागे सुमारे 23 टक्के. चार जणांच्या पहिल्या पातळीच्या गटाला कोष्टकातल्या ‘प्राणघातक’ या सर्वांत वरच्या पायरीची सीमा 400 गुणांची, म्हणजे एकटा ऑगर ती ओलांडतो. तोच ऑगर तिसऱ्या पातळीच्या चौघांसमोर आणला की कोष्टक त्याला ‘सोपा’ म्हणते, आणि ते बरोबरही असते. खालच्या पातळ्यांवर जमीन इतक्या वेगाने सरकते की तिथे कुठलेच सूत्र फार वेळ टिकत नाही.

याचा सर्वांत गाजलेला दाखला खुद्द प्रकाशकाच्याच नवशिक्या संचात आहे. 2014 सालच्या स्टार्टर सेटमधल्या ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ या मोहिमेत अगदी सुरुवातीलाच रस्त्यात मेलेले घोडे दिसतात आणि झाडीत दोन्ही बाजूंना दोन-दोन गॉब्लिन दबा धरून बसलेले असतात. चार गॉब्लिनांचे 200 गुण, गुणक दोन, एकूण 400. पहिल्या पातळीच्या चार पात्रांच्या गटासाठी ही नेमकी ‘प्राणघातक’ची सीमा. आयुष्यात पहिल्यांदा वीस बाजूंचा फासा हातात घेतलेल्या माणसांचे हे स्वागत! मोहिमेच्या लेखकांनी सुटकेची वाटही ठेवली आहे : खेळाडू हरले तर गॉब्लिन त्यांना ठार मारत नाहीत, बेशुद्ध सोडून त्यांची गाडी लुटतात. ही ओळ घाईत न वाचलेल्या डन्जन मास्टरांनी कित्येक मोहिमा पहिल्याच तासाला संपवल्या आहेत.

सूत्राची दुसरी अडचण दिवसाची. 2014 चे नियम असे धरून चालतात की, पात्रांवर एका दिवसात मध्यम किंवा कठीण स्वरूपाच्या सहा ते आठ चकमकींचा प्रसंग येईल आणि मधून दोन छोट्या विश्रांती मिळतील. प्रत्यक्षात शनिवारी संध्याकाळी तीन-चार तास जमलेल्या मंडळींच्या एक-दोन लढायाच होतात, त्याही निवांत गप्पांच्या मध्ये. मग पाचव्या पातळीचा जादूगार ‘फायरबॉल’ राखून कशाला ठेवेल? तो मंत्र सरासरी 28 गुणांची इजा करतो. शत्रूने उडी मारून निम्मी चुकवली तरी 14 उरतात, आणि गॉब्लिनचे हिट पॉइंट 7. एका पाळीत आठही खलास. जादूगार खूश, आणि दिवसभर तलवार चालवू शकणारा योद्धा बाजूला उभा. कोष्टकात चूक नाही. ते ज्या दिवसासाठी बनवले तो दिवस कोणाच्याच टेबलावर उजाडत नाही.

मधल्या काळात, 2008 साली, चौथ्या आवृत्तीने सगळ्यांत नेटका तोडगा काढला होता. दर पात्रामागे एक साधा शत्रू, हे मूळ माप. एकटाच पाचांना पुरून उरणारा ‘सोलो’, दोघांच्या बरोबरीचा ‘एलिट’, आणि एकाच हिट पॉइंटचे, एका घावात आडवे होणारे ‘मिनियन’. समतोल छान साधला, पण लढाई तासभर रेंगाळू लागली. 2010 सालच्या तिसऱ्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये राक्षसांची इजा वाढवावी लागली. तिसऱ्या आवृत्तीचे जोनाथन ट्वीट आणि चौथीचे रॉब हाइन्सू यांनी एकत्र येऊन 2013 साली काढलेल्या ‘थर्टीन्थ एज’ या खेळात त्यावर झकास उतारा आहे. दुसऱ्या फेरीपासून टेबलावर एक फासा ठेवायचा आणि दर फेरीला तो एकाने वाढवायचा. सहापर्यंत चढणारा तो आकडा नायकांच्या प्रत्येक हल्ल्यात मिळवायचा. लढाई जितकी लांबते तितकी ती आपोआप आटोपत येते.

आकड्यांच्या मर्यादेवरचा सर्वोत्तम मजकूर मात्र 1987 सालचा आहे. ‘ड्रॅगन’ मासिकाच्या 127व्या अंकात संपादक रॉजर मूर यांनी टकर नावाच्या डन्जन मास्टरच्या कोबोल्डांची हकिगत सांगितली. कोबोल्ड हा नियमपुस्तकातला जवळजवळ सर्वांत दुबळा प्राणी. टकरचे कोबोल्ड अरुंद बोळांत आग लावत, भिंतींतल्या भोकांतून बाण सोडत आणि अंगावर येणाऱ्याला कधी समोरासमोर भेटतच नसत. वरच्या पातळीचे कसलेले वीर खालच्या मजल्यांवरच्या मोठ्या राक्षसांपेक्षा त्यांनाच घाबरत. जागा, अंधार, आडोसा आणि शत्रूची अक्कल यांना एकाही कोष्टकात रकाना नाही.

2019 साली पायझो कंपनीच्या ‘पाथफाइंडर’ या याच जातीच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने आकड्यांवरचा विश्वास परत मिळवला. चौघांसाठी मध्यम लढत 80 गुणांची, कठीण 120, पराकोटीची 160. दोन पातळ्या वरचा एकटा शत्रू 80, चार पातळ्या वरचा 160. हे गणित टिकते, कारण पात्राची पातळी जवळजवळ प्रत्येक फाशात मिळवली जाते आणि लक्ष्यापेक्षा दहा जास्त पडले की वार दुप्पट लागतो. पातळीतला फरक लपून राहत नाही. त्याची किंमतही आहे : चार पातळ्या खालचा शत्रू इथे टकरच्या कोबोल्डांसारखा घाम फोडू शकत नाही.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने उलट वाट धरली. 2024 सालच्या नव्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मधून गुणक गेला, सहा-आठ चकमकींचा दिवस गेला, उरल्या कमी, मध्यम आणि जास्त अशा तीनच पायऱ्या. पहिल्या पातळीला दर पात्रामागे अनुक्रमे 50, 75 आणि 100 गुण खर्चायचे. त्यामुळे झाडीत बसलेले ते चार गॉब्लिन, जे चौघांच्या गटासाठी कालपर्यंत ‘प्राणघातक’ होते, ते आता 200 गुणांत ‘कमी’ धोक्याचे ठरतात. हिशेब सुटसुटीत झाला हे खरे. नवख्या डन्जन मास्टरला मिळणारा इशारा मात्र गेला.

उरलेले काम टेबलावर, खेळ चालू असताना होते. शत्रूच्या मदतीची टोळी दाराबाहेर तयार ठेवायची आणि खेळाडू दमले तर तिला वाटेतच हरवायचे, ही जुनी युक्ती. हिट पॉइंटच्या आकड्याशेजारी छापलेले फासेही कामी येतात : 2014 च्या पुस्तकातला ऑगर सरासरी 59 चा असला तरी नियमाने तो 28 पासून 91 पर्यंत कितीचाही असू शकतो. डन्जन मास्टरच्या फासे झाकणाऱ्या पडद्याआड पडलेले दान गुपचूप बदलावे की नाही, यावर मात्र एकमत नाही. काही डन्जन मास्टर त्याला आपला हक्क मानतात. काहींना ती लबाडी वाटते, आणि ते पडदा बाजूला ठेवून सगळे फासे सर्वांसमोर टाकतात.