डांबरातला डांबरट

पुण्यात रस्त्यांचा विषय निघाला की जंगली महाराज रस्त्याचे नाव हटकून येते. १९७०च्या दशकात ‘रेकॉन्डो’ कंपनीने बांधलेल्या या रस्त्याने कित्येक पावसाळे खड्ड्यांविना काढले. त्याचे श्रेय भक्कम पाया, पाण्याचा निचरा आणि कामातली शिस्त यांना द्यायलाच हवे. पण खडीला खडी धरून ठेवली ती डांबराने, आणि डांबराला घट्टपणा देतात ती अस्फाल्टीने. हे पुस्तक त्यांच्याविषयी आहे.

आधी एक खुलासा. खरे डांबर दगडी कोळशापासून निघते. रस्त्यावरचे ‘डांबर’ म्हणजे बिटुमेन, कच्चे तेल उकळून हलके भाग काढून घेतल्यावर तळाशी उरणारा गाळ. मुंबई हायच्या हलक्या तेलात अस्फाल्टीने थोडी असतात, जड तेलांत भरपूर.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बुसाँगो यांनी १८३७ मध्ये ‘अस्फाल्टीन’ हे नाव दिले. गंमत अशी की हा एकच एक पदार्थ नाही. तेलात भरपूर हेप्टेन ओतल्यावर खाली बसते आणि टोल्युइनमध्ये विरघळते, ते अस्फाल्टीन. पीठ चाळल्यावर कोंडा उरतो तसेच हे. चाळणी बारीक घेतली तर कोंडा वाढतो, हेप्टेनऐवजी पेंटेन घेतले तर अस्फाल्टीन वाढते.

या कोंड्यात वजनाने बहुतांश कार्बन असतो. हायड्रोजनचे अणू साधारण कार्बनच्या अणूंइतकेच, म्हणजे पेट्रोलच्या तुलनेत निम्मेच. शिवाय गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि किंचित व्हॅनेडियम व निकेल. यांतले काही धातू पॉर्फिरिनच्या कड्यांत अडकलेले सापडतात. अशा कड्यांचे हरितद्रव्याशी असलेले नाते आल्फ्रेड ट्राइब्स यांनी १९३०च्या दशकात दाखवले आणि खनिज तेल सजीवांपासून बनल्याचा भक्कम पुरावा हाती आला.

मराठीत लबाडाला ‘डांबरट’ म्हणतात, आणि अस्फाल्टीनने संशोधकांना तसेच चकवले. रेणूभार कुणी काहीशे मोजला, कुणी हजारोंच्या घरात. कारण हे रेणू एकमेकांना चिकटतात आणि घोळक्यालाच एक रेणू समजले जाते. आज सरासरी सुमारे ७५० हा आकडा बहुतेकांना मान्य आहे. येन यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या आणि मलिन्स यांनी २०१० मध्ये सुधारलेल्या प्रारूपानुसार मध्ये कड्यांची सपाट चकती, भोवती कार्बनच्या शेपट्या. अशा सहाएक चकत्या एकमेकींवर रचल्या जातात आणि त्या थप्प्यांचे पुन्हा पुंजके होतात. मात्र प्रत्येक रेणूत अशा चकतीचे एकच बेट असते की साखळ्यांनी जोडलेला द्वीपसमूह, हा वाद पुढच्या प्रकरणांतही तुम्हाला भेटेल.

विहिरीतला दाब उतरला की हीच अस्फाल्टीने साका होऊन नळ्या तुंबवतात. रस्त्यावर उन्हाने आणि हवेने बिटुमेन म्हातारे होते, तेव्हा त्यातले त्यांचे प्रमाण वाढते आणि रस्ता तडकतो.

आत येताना पदवीपुरते रसायनशास्त्र आणि एक सवय सोबत असू द्या. अस्फाल्टीनविषयीचा कोणताही आकडा दिसला की आधी विचारा, चाळणी कोणती होती?