सात घरांचा आठवडा

सोमवारी वकिलांच्या वाड्यात, मंगळवारी वैद्यांकडे, बुधवारी मास्तरांच्या बिऱ्हाडी, गुरुवारी लांबच्या आत्याच्या सासरी. असा ज्याचा आठवडा भरलेला असे, तो मुलगा पुण्यात टिकायचा. ज्याचे दोन-तीन वार रिकामे राहत, तो त्या दिवशी झोळी घेऊन माधुकरीला निघायचा, नाहीतर चणे-फुटाणे खाऊन वर पाणी प्यायचा. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धातही कोकणातून, देशावरून शिकायला आलेल्या गरीब मुलांच्या पोटाची सोय अशी व्हायची. तिला 'वार लावून जेवणं' म्हणत. आज हा शब्दप्रयोग जुन्या आत्मचरित्रांत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातच भेटतो.

'वार' म्हणजे मुळात पाळी, खेप. 'वारंवार' या शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. सोमवार म्हणजे सोमाची पाळी, मंगळवार म्हणजे मंगळाची. वार लावलेला मुलगा या दोन्ही अर्थांनी वारावर जगायचा. त्याचा दिवस ठरलेला आणि घराची पाळीही ठरलेली.

माधुकरी याहून कितीतरी जुनी. मधुकर म्हणजे भुंगा. तो फुलाफुलातून थोडा थोडा मध घेतो आणि कुठल्याच फुलाला त्याचा भार होत नाही. मुंजीतल्या भिक्षावळीत बटूच्या हाती झोळी देतात, तो याच रीतीचा अवशेष. विद्या शिकणाऱ्याने भिक्षेवर राहावं आणि समाजाने त्याला उपाशी ठेवू नये, असा तो करार होता. पण माधुकरीत घर ठरलेलं नसे. 'ॐ भवति' म्हणत दारात उभ्या राहिलेल्या मुलाच्या झोळीत जे पडेल ते पडेल, आणि वाढणारीला त्याचं नावही ठाऊक नसे.

वाराची कल्पना याच्या पुढची, आणि मला ती फार शहाणपणाची वाटते. परक्या मुलाला वर्षभर दोन्ही वेळा जेवू घालणं मध्यमवर्गीय घराला परवडत नाही. आठवड्यातून एक दिवस मात्र कुणालाही परवडतो. एका पोराच्या शिक्षणाचा बोजा सात चुलींवर वाटला की कुठल्याच चुलीला तो जाणवत नाही. शिवाय घर ठरलेलं असल्यामुळे ओळख व्हायची. आज बुधवार, तो येईल, म्हणून तांदळाची एक मूठ जास्त पडायची. तो आला नाही तर संध्याकाळी कुणीतरी विचारायचं, आजारी आहे की काय?

या रीतीच्या कडूपणाकडेही डोळेझाक करता येत नाही. घरात सुतक आलं की एक-दोन आठवडे तो वार बुडाला. एकादशी आली की मुलालाही उपास. वाड्यात पाहुणे असले तर उशिरा, सगळ्यांची पंगत उठल्यावर. काही घरी मायेनं वाढत, तर काही घरी विहिरीचं पाणी भरून घेत, पूजेची फुलं आणवत, धाकट्यांचे पाढे घेववत. अर्धं पोट भरलं असताना 'पुरे' म्हणायला लागणं ही अनेकांची आयुष्यभराची आठवण होऊन राहिली.

पण यापेक्षा मोठी गोष्ट अशी की हे दार सगळ्यांना उघडंच नव्हतं. वार लागायचे ते बहुतेक ब्राह्मण घरांत आणि ब्राह्मण मुलांसाठी. मराठा, माळी, धनगर शेतकऱ्याच्या पोराला शहरात ओळखीचं घर मिळणं मुश्कील, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर उंबऱ्यापर्यंत जाणंही अशक्य. सात घरांचा आठवडा ज्याला मिळाला तो वकील, मामलेदार, प्राध्यापक झाला. बुद्धी असूनही ज्याला तो मिळाला नाही, तो परत गावी गेला. कोण शिकला आणि कोण राहिला, याचा निकाल वर्गाच्या आधी स्वयंपाकघरात लागत होता.

राजाश्रयाची वाट वेगळी होती. पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात विद्वानांना दक्षिणा वाटली जायची. ही प्रथा मूळची तळेगावच्या दाभाड्यांची. पेशवाई बुडाल्यावर त्याच दक्षिणा निधीतून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि तिच्यातूनच पुढे पुण्याचं कॉलेज घडलं. या पैशातला वाटा मराठी ग्रंथांसाठी द्यावा, असा अर्ज १८४९ मध्ये सुधारकांनी केला, तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी माणसं घेऊन उभे राहिले. समाजाचा पैसा विद्येवर खर्चायचा तर तो कुणाच्या विद्येवर, हे भांडण तेव्हाचं.

इथे 'शिष्यवृत्ती' या शब्दापाशी जरा थांबावंसं वाटतं. आपण तो बक्षिसासारखा वापरतो: हुशार मुलाला शिष्यवृत्ती मिळाली. पण वृत्ती म्हणजे उपजीविका. भिक्षुकाची वृत्ती, जोशीपणाची वृत्ती, तशी शिष्याची वृत्ती, म्हणजे शिकत असताना त्याने जगायचं कशावर, त्याची तरतूद. ज्याने हा शब्द जोडला त्याला ठाऊक होतं की शिकण्यातला खरा खर्च फीचा नसतो, जगण्याचा असतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या थोरल्या भावाने स्वतःचं शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार १५ रुपये, त्यातले ८ तो दरमहा गोपाळला पाठवायचा. ते आठ रुपये म्हणजे धाकट्या भावाची शिष्यवृत्तीच होती.

सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना दिली तीही अशीच वृत्ती. कॉलेजात शिकणाऱ्या या मुलाला कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी महाराजांपुढे नेलं आणि दरमहा २५ रुपये सुरू झाले. १९१३ मध्ये तो कोलंबिया विद्यापीठात निघाला तेव्हा महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ज्या विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही वाड्यात वार लागला नसता, त्याच्या जेवणाखाणाची जबाबदारी एका राजाने घेतली. या साखळीत मला केळुसकर फार मोलाचे वाटतात. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, पण मुलगा त्यांनी हेरला होता.

एकेका मुलापुरतं हे ठीक. शेकडो मुलांचं काय? याचं उत्तर कोल्हापुरात सापडलं. शाहू महाराजांनी आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं, पण तिथे एकाच जातीची मुलं उरली. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच्या मागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी बोर्डिंगं, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहांवर तेव्हाही टीका झाली, आजही होते. मला ती अर्धवट वाटते. ज्या समाजात वारही जातीनेच लागत होते, तिथे प्रत्येक समाजाला आपल्या मुलांचं ताट मांडायला लावणं हा त्या घडीचा मार्ग होता.

त्यापुढचं पाऊल त्याच बोर्डिंगांतल्या एका मुलाने टाकलं. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला म्हणून भाऊराव पाटलांना जैन बोर्डिंग सोडावं लागलं. १९१९ मध्ये काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं एकच वसतिगृह सुरू केलं. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन पोरं एका पंगतीत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. धान्य संपलं की लक्ष्मीबाई पाटील अंगावरचा एकेक दागिना काढून देत. शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० साली त्या वारल्या. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून शिकून वर आलेल्या कित्येक पिढ्यांच्या मुळाशी त्या बाईंचं स्वयंपाकघर आहे, आणि तिच्याबद्दल आपण पुरेसं बोललेलो नाही.

भाऊरावांनी या प्रथेत एक मोठा बदल केला. मुलाने दारात उभं राहायचं नाही, राबायचं. शेतात काम, विहीर खणणं, स्वतःचा स्वयंपाक स्वतः. 'कमवा आणि शिका' हे नाव इथूनच घरोघर गेलं. १९५५ मध्ये पुण्यात अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहायक समिती काढली, तिथेही खेड्यातल्या मुलाला आसरा मिळाला तो श्रमाच्या सोबतीने. वार लावून जेवणाऱ्याच्या घशात अडकणारा मिंधेपणाचा घास या घामाने सुटा केला.

मुलींना तर वारही नव्हता. परक्या घरी एकटीने जेवायला जाणारी विद्यार्थिनी तेव्हा कल्पनेतही बसत नव्हती. धोंडो केशव कर्व्यांच्या आश्रमाने त्यावर सणाचाच उपयोग केला. भाऊबिजेला बहिणीला ओवाळणी घालता ना, तशी एक शिकणाऱ्या बहिणीसाठी घाला. या 'भाऊबीज निधी'च्या पावत्या घेऊन कार्यकर्ते दारोदार फिरू लागले. छोट्या छोट्या रकमांतून उभी राहिलेली ती मुलींची माधुकरीच.

स्वातंत्र्यानंतर सरकार आलं. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १२०० रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना ई.बी.सी. म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची सवलत मिळाली, आणि फी माफ झाल्याने लाखो घरांचं चित्र बदललं. पुढे 'दत्तक-पालक', 'शैक्षणिक पालकत्व' हे शब्द रूढ झाले. आता देणगीदार अर्ज वाचतो, गुणपत्रिका बघतो, फीची रक्कम थेट कॉलेजच्या खात्यात भरतो. व्यवहार स्वच्छ, पावती हातात, आणि मुलाला कुणाच्या ओसरीवर ताटकळावं लागत नाही. हे चांगलंच झालं.

पण या स्वच्छतेत ताट मागे पडलं. फी भरली गेली तरी खोलीचं भाडं आणि मेसचा डबा उरतोच, आणि पैसे कमी पडले की मुलगा पहिली काटछाट तिथेच करतो. दोन वेळचा डबा एक वेळचा होतो. गुणपत्रिकेत हे दिसत नाही, आणि बुधवारी का आला नाहीस, असं विचारणारं घरही आता नाही.

यंदा जूनमध्ये कुणा मुलाचं किंवा मुलीचं शिक्षण उचलणार असाल, तर फीच्या पावतीआधी मेसचं महिन्याचं बिल विचारा. एकट्याने जमत नसेल तर सात जण गाठा.