मोटारगाडीच्या इंजिनाचे अतितापन

इंजिनातील शीतक द्रवाचे (कूलंटचे) तापमान नेहमीच्या मर्यादेपलीकडे वाढण्याच्या अवस्थेस अतितापन असे म्हणतात. बोलीभाषेत यालाच ‘गाडी गरम होणे’ किंवा ‘इंजिन तापणे’ म्हटले जाते. द्रवशीतित इंजिनांत हे तापमान साधारणतः ८५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते. अतितापन हा मूळ दोष नसून अन्य दोषाचे लक्षण असते. त्यामुळे केवळ पाणी भरून गाडी पुढे नेल्यास मूळ बिघाड तसाच राहतो. दुर्लक्ष झाल्यास हेड गॅस्केट निकामी होणे, सिलिंडर हेड वाकणे आणि अखेरीस पिस्टन अडकून इंजिन जाम होणे अशी हानी संभवते.

== शीतन प्रणालीचे कार्य ==

इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक-तृतीयांश भाग शीतन प्रणालीला वाहून न्यावा लागतो. वॉटर पंप शीतकाला इंजिनाच्या ब्लॉक व हेडमधील पोकळ्यांतून फिरवतो. तेथे तापलेला द्रव वरच्या होज पाइपातून रेडिएटरमध्ये येतो, बारीक नळ्या व पातळ पत्र्यांमधून वाहताना आपली उष्णता हवेला देतो आणि खालच्या पाइपातून पुन्हा इंजिनाकडे जातो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट हा झडपेसारखा भाग रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान उघडू लागतात. विल्हेल्म मायबाख यांनी १९०० साली डाइमलर कंपनीच्या मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला; आजचे रेडिएटर तत्त्वतः त्याच वाटेने आले आहेत.

रेडिएटरचे झाकण हा दिसायला क्षुल्लक, पण महत्त्वाचा भाग आहे. ते प्रणालीत साधारणपणे ०.९ ते १.१ बार दाब टिकवते. जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर असल्याने तेथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते, ०.९ बारच्या झाकणाखाली मात्र तेच पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत द्रवरूप राहू शकते. झाकणाचे रबर झिजले वा स्प्रिंग सैल झाली की हे सारे संरक्षण नाहीसे होते. नवे झाकण बाकीच्या सुट्या भागांच्या तुलनेत स्वस्त असूनही ते सर्वांत शेवटी तपासले जाते.

== जालना जिल्ह्यातील परिस्थिती ==

मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांप्रमाणे जालना जिल्ह्यातही एप्रिल-मे महिन्यांत दिवसाचे कमाल तापमान ४० अंशांवर जाते. रेडिएटर बाहेरच्या हवेलाच उष्णता देत असल्याने हवा जितकी गरम तितकी त्याची क्षमता घटते. हिवाळ्यात लक्षातही न आलेला अर्धवट तुंबलेला रेडिएटर उन्हाळ्यात उघडा पडतो, तो यामुळेच. नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून जातो. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा असून अशा दीर्घ, सलग वेगात प्रणालीला विसावा मिळत नाही. अजिंठा घाट किंवा कन्नडचा घाट भरलेल्या गाडीने चढताना अडचण निराळी असते : इंजिनावर भार पूर्ण, पण वेग कमी असल्याने समोरून येणारा वारा अपुरा.

पाण्याचा प्रश्न याहून अधिक खोलवर जातो. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील विहिरी व बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, तर अन्य स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. म्हणजेच पिण्यास चालणारे पाणी रेडिएटरला चालेलच असे नाही. पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेटचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेट वेगळे होते व धातूच्या पृष्ठभागावर थर धरते. घरातील पाणी तापवायच्या भांड्यात दिसणारा पांढरा थर तोच. तो उष्णतेचा वाहक म्हणून धातूपेक्षा फारच दुबळा असतो आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांचा मार्गही अडवतो. टंचाईच्या काळात जे हाती येईल ते पाणी गाडीत ओतले जाते आणि त्याचे परिणाम वर्षा-दोन वर्षांनी दिसतात. शेतातील विहिरीवरच्या पाण्याने थंड होणाऱ्या डिझेल इंजिनांच्या मालकांना हा अनुभव जुना आहे.

शुद्ध पाणी ग्लायकॉलमिश्रित शीतकापेक्षा अधिक उष्णता वाहून नेते, हा पाण्याच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद खरा आहे. पण तो अर्धाच आहे. शीतकामुळे उत्कलनबिंदू वाढतो आणि त्यातील रसायने गंज व क्षरण रोखतात. तीव्र स्वरूपात मिळणारे शीतक बॅटरीसाठी विकल्या जाणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळता येते. रंगावरून शीतकाचा प्रकार ठरत नाही. म्हणून हिरव्यात हिरवे ओतण्याऐवजी गाडीच्या पुस्तिकेतील निर्देश पाहावा.

== निदान ==

निदानाचा आरंभ एका प्रश्नाने होतो : गाडी नेमकी केव्हा तापते? उभ्या गाडीत किंवा बाजारपेठेतील गर्दीत काटा चढत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर उतरत असेल, तर संशय पंख्यावर जातो. उलट गर्दीत ठीक, पण वेगात किंवा चढावर तापणारी गाडी तुंबलेला रेडिएटर, झिजलेला पंप किंवा पूर्ण न उघडणारा थर्मोस्टॅट सुचवते. सुरू केल्यानंतर काही मिनिटांतच तापणारे इंजिन बंद स्थितीत अडकलेला थर्मोस्टॅट, प्रणालीत अडकलेली हवा किंवा हेड गॅस्केटचा दोष दर्शवते.

त्यानंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, शीतकाची पातळी पाहावी. ती कमी असल्यास द्रव कुठेतरी गेला आहे. पाइपांचे जोड, रेडिएटरच्या कडा व पंपाखालचे छिद्र येथे वाळलेल्या द्रवाचे पांढरट वा रंगीत डाग आढळतात. गळती दिसत नसेल तर हातपंपाने प्रणालीत झाकणावर नोंदवलेल्या मूल्याइतका दाब भरून १०-१५ मिनिटे ठेवतात; काटा उतरला तर गळती निश्चित. पायाजवळची चटई ओली असल्यास हीटरचा आतील रेडिएटर फुटलेला असू शकतो.

वातानुकूलन असलेल्या बहुतेक गाड्यांत ते सुरू करताच रेडिएटरचा विद्युत पंखाही फिरू लागतो. एसी चालू केल्यावर पंखा फिरतो, पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, असे असेल तर पंख्याची मोटार चांगली असून तापमान संवेदक किंवा त्याच्या तारांकडे पाहावे लागते. दोन्ही वेळी पंखा स्तब्ध असेल तर आधी फ्यूज, मग रिले आणि शेवटी मोटार असा क्रम सोयीचा. जुन्या अॅम्बेसेडर व पद्मिनी गाड्यांत पंखा पट्ट्यावर चाले, त्यामुळे तेथे सैल पट्टा हेच पहिले कारण असे.

इंजिन गरम झाल्यावरही वरचा पाइप कडक तापलेला आणि खालचा जवळजवळ थंड राहिला, तर प्रवाह कुठेतरी अडला आहे. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातील पाण्यात थर्मामीटरसह तापवल्यास तो कोणत्या अंशाला उघडतो हे डोळ्यांनी दिसते. तो ठीक असेल तर संशय रेडिएटरवर येतो. त्याच्या पत्र्यांवरून हात फिरवल्यावर (पंखा व इंजिन बंद करून) मधले काही पट्टे थंड लागणे, हे नळ्या बुजल्याचे चिन्ह होय. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. दोहोंमधील फटीत कापूस, भुसा, चिलटे व माती साचते आणि समोरून ती दिसत नाही. वेग वाढवताच खालचा पाइप आत चेपत असेल तर तो बदलावा.

हेड गॅस्केटचे निदान सर्वांत खर्चिक असल्याने घाईने करू नये. बाहेर गळती नसताना शीतक सतत कमी होणे, थंड इंजिन सुरू करताच पाइप ताठ होणे, टाकीत अखंड बुडबुडे येणे, गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर आणि दुधाळ चहासारखे झालेले इंजिन ऑइल ही त्याची लक्षणे आहेत. यांपैकी एकाच लक्षणावर हेड उघडणे योग्य नव्हे : फक्त झाकणाच्या आतील किंचित दुधाळपणा थोड्या अंतराच्या फेऱ्यांमुळेही येतो. खात्रीसाठी रेडिएटरच्या तोंडाशी येणारी वाफ निळ्या रसायनातून ओढतात. ज्वलनवायू असल्यास त्याचा रंग बदलतो. लोखंडापेक्षा ॲल्युमिनियम सुमारे दुप्पट प्रसरण पावते, म्हणून लोखंडी ब्लॉकवरील ॲल्युमिनियमचे हेड अतितापनाने वाकते. गॅस्केट बदलताना ते सरळ आहे का हे मोजलेच पाहिजे, अन्यथा नवे गॅस्केटही टिकत नाही.

तापमापक काट्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. शीतक इतके कमी झाले की संवेदक द्रवाबाहेर राहिला, तर काटा खाली आलेला दिसतो आणि इंजिन मात्र जळत असते. एलपीजी वा सीएनजी किट बसवल्यानंतर सुरू झालेल्या त्रासात किटच्या रिड्यूसरकडे जाणारे गरम पाण्याचे पाइप व त्यांत अडकलेली हवा तपासावी. घासत राहणारे ब्रेक, चुकीचे इग्निशन टायमिंग किंवा तुंबलेला सायलेन्सर यांमुळेही निर्दोष शीतन प्रणाली अपुरी पडते.

== प्रचलित पण सदोष उपाय ==

उष्ण प्रदेशातील अनेक गॅरेजांत थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा आहे. त्याने काही वेळा काटा उतरतो, पण इंजिन योग्य तापमानास उशिरा पोहोचते, इंधन जास्त लागते आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बाजूचा मार्ग बंद करतो. तो काढल्यास शीतकाचा काही भाग रेडिएटर टाळून परत फिरतो व तापमान उलट वाढते. पंखा ‘डायरेक्ट’ करणे, म्हणजे तो स्विचला जोडणे, ही गावी पोहोचण्यापुरती तडजोड आहे, दुरुस्ती नव्हे.

== रस्त्यावर गाडी तापल्यास ==

एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. काही उष्णता त्यावाटे बाहेर पडते. गाडी सुरक्षित जागी, रहदारीच्या मार्गिकेबाहेर थांबवून इंजिन बंद करावे. झाकण किमान अर्धा तास उघडू नये. दाब सुटताच शंभर अंशांवरील द्रवाची क्षणात वाफ होऊन तो उसळतो व चेहरा-हात गंभीर भाजतात. गरम इंजिनावर थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो. थंड झाल्यावर अडचणीपुरते साधे पाणी भरण्यास हरकत नाही, मात्र नंतर प्रणाली धुऊन योग्य शीतक भरावे.

== जुन्या शीतकाची विल्हेवाट ==

एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असून विषारी आहे. ते प्यायल्याने मूत्रपिंडे निकामी होतात. उन्हाळ्यात पाण्यासाठी भटकणारी कुत्री व जनावरे गॅरेजसमोरील डबक्याकडे सहज वळतात. म्हणून काढलेले शीतक जमिनीवर, गटारात किंवा विहिरीजवळ न ओतता बंद कॅनमध्ये, मुलांच्या हाती न लागेल असे ठेवावे. पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरू नये.